कुंडीवरचा मावा आणि कपाटातली बाटली

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात ‘पेशंटने औषध घेतलंय’ असे कुणी ओरडत आले, की डॉक्टर आणि परिचारिका धावतच सुटतात. इथे औषध म्हणजे गोळी किंवा सिरप नव्हे, पिकावर फवारायचे कीटकनाशक. शेतकरी ‘औषध मारतो’, दुकानदार ‘औषध देतो’, पंपात ‘औषध भरले जाते’. एरवी जीव वाचवणाऱ्या वस्तूचे नाव आपल्या भाषेने विषालाही देऊन टाकले आहे. नाव औषधाचे असले, की हात फारसा थरथरत नाही. शेतावर ही भीती केव्हाच चेपली; आता ती शहरातल्या गच्चीवरही चेपू लागली आहे.

नाशिक हे एकेकाळचे गुलशनाबाद. बागेची हौस या गावाच्या रक्तातच आहे. गंगापूर रोडचे बंगले असोत, इंदिरानगरच्या सोसायट्या असोत की पंचवटीतले जुने वाडे. चार कुंड्या नाहीत असे घर विरळाच. गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, तुळस आणि अलीकडे टोमॅटो, मिरची, पालक, मेथीही. त्यातच अनेक घरांचे एक मूळ निफाड, दिंडोरी, चांदवड किंवा सिन्नरच्या शेतात असते. कढीपत्त्यावर मावा पडला, जास्वंदीवर पांढरा कापूस दिसू लागला, की सर्वांत सोपा उपाय गावाहून येतो: पाण्याच्या रिकाम्या बाटलीत बोटभर ‘औषध’. बाटलीवर नाव नाही, मात्रा नाही, मुदत नाही. चार थेंब वापरले जातात आणि उरलेली बाटली सिंकखालच्या कपाटात जाते. घरातल्या बागेतील सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर कीड हे नाही. ही बाटली आहे.

बाटलीत काय असते?

शेतात वापरली जाणारी बरीच जुनी कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली आहेत. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला संदेश देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत. संदेश पोचला, की एक विकर हे रसायन तत्काळ मोडून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फरस नेमके त्या विकरालाच जखडून ठेवते. मग संदेश थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात. फुप्फुसांत स्राव साठतो आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. किडीचा मृत्यू आणि माणसाचा मृत्यू यांमागची यंत्रणा एकच आहे. फरक फक्त मात्रेचा.

हे विष पोटात जाण्यासाठी प्यावेच लागते असेही नाही. ते कातडीतून शोषले जाते, श्वासातूनही जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काही प्यायले नव्हते. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, एकात एक मिसळलेली दोन-तीन रसायने, उघडे अंग आणि अनवाणी पाय एवढे पुरेसे ठरले. बंदिस्त बाल्कनीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, बर्म्युडा आणि स्लिपर घालून फवारणाऱ्या शहरी माणसाची स्थिती फारशी वेगळी नसते. फक्त पंप लहान असतो.

बाटली बदलण्याचा धोका काय असतो, हे बिहारमधील सारण जिल्ह्याने जुलै २०१३ मध्ये पाहिले. गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. भारतात भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासूनच बंदी आहे आणि २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या ३६ टक्के द्रावणावरही बंदी आणून साठा संपवण्यास मुदत दिली. पण बंदी कागदावर येते तेव्हा माळ्यावरच्या आणि गोठ्यातल्या अर्धवट बाटल्या आपोआप रिकाम्या होत नाहीत.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. त्यानुसार प्रत्येक मूळ डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. हा चौकोन वाचता येण्यासाठी शिक्षण लागत नाही, फक्त मूळ डबा लागतो. विष पाण्याच्या बाटलीत ओतले, की पहिल्यांदा हरवतो तो हा चौकोन आणि डॉक्टरांना सर्वांत आधी हवी असते तीच माहिती.

शेताचा नियम कुंडीला का लागत नाही?

फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचे, याचा प्रत्येक रसायनाचा एक ठरलेला काळ असतो. द्राक्ष बागायतदाराला हे पाठ असते, कारण नाशिकने त्याची किंमत मोजली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाचा अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. ते कीटकनाशक नव्हते, तरी अंश तो अंशच. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंदवही आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांना घडाइतकेच महत्त्व आले.

घरात मात्र सकाळी फवारलेली मिरची संध्याकाळी फोडणीत पडते. मात्रा एकरासाठी आणि पंपासाठी लिहिलेली असते. मगभर पाण्यात किती थेंब घालायचे ते कुणीच सांगत नाही, म्हणून ‘थोडे जास्तच’ घातले जाते. धुतल्याने सगळे जाते, हा आणखी एक समज. वाहत्या पाण्यात धुतल्याने पानाच्या पृष्ठभागावरचा अंश बराच कमी होतो. पण मोनोक्रोटोफॉस, इमिडाक्लोप्रिड यांसारखी आंतरप्रवाही रसायने झाडाच्या रसात उतरतात. ती धुऊन जाणार कशी? ज्या कढीपत्त्याची चार पाने रोज आमटीत जायची आहेत, त्यावर असे काही मारण्याचे कारणच नाही. घरच्या बागेत नुकसान झाले तर किती? चार वांगी आणि दोन जास्वंदीची फुले. तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावायचा नसतो.

आधी ओळख, मग उपाय

निम्म्या अडचणी केवळ पान उलटून पाहिल्याने सुटतात. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक ठिपके गर्दी करून बसले असतील, तर तो मावा. पान हलवताच पांढरा धुरळा उडाला, तर पांढरी माशी. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर पिठ्या ढेकूण. मिरचीची पाने वर वळून होडीसारखी झाली, तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ असेल, तर नागअळी. उन्हाळ्यात पान फिकट होऊन मागे बारीक जाळी दिसली, तर लाल कोळी. कढीपत्ता किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले आणि ते हलले, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. तिला बोटाने उचलून बाजूला ठेवणे हाच तिच्यावरचा संपूर्ण उपचार.

मुंग्यांकडेही लक्ष हवे. मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितात आणि गोड चिकट स्राव सोडतात. मुंगळे त्या स्रावासाठी या किडींची राखण करतात, त्यांना एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. त्याच चिकट थरावर पुढे काळी बुरशी वाढते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली, की कीड कुठे आहे ते रांगच दाखवते.

नाशिकच्या हवेत या पाहुण्यांचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले आहे. थंडीत पारा दहाच्या खाली उतरू लागला, की कोवळ्या फुटीवर मावा आणि गुलाबावर भुरी. मार्च ते मे या कोरड्या उन्हात लाल कोळी, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण. पावसाळ्यात गोगलगायी आणि बुरश्या. वेळ ठाऊक असली, की कीड मूठभर असतानाच हाती लागते.

पाणी, साबण आणि निंबोळी

पहिला उपाय पाण्याचा. नळीची तोटी दाबून पानांच्या मागच्या बाजूला जोरदार फवारा मारला, तर मावा आणि कोळी मोठ्या प्रमाणात वाहून जातात. तीन दिवस सलग हे केले, की अनेकदा पुढचे काही लागत नाही. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुंजक्यांवर टेकवावा. त्यांच्या अंगावरचे मेण विरघळते आणि ते जागीच मरतात. फार माखलेली फांदी सरळ छाटून पिशवीत बांधून टाकावी.

दुसरा उपाय साबणाचा. एक लिटर पाण्यात सुमारे पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, सौम्य द्रवरूप साबण. कपडे धुण्याची पावडर नको, तिने पाने करपतात. साबण मऊ अंगाच्या किडीच्या त्वचेवरचे मेण काढतो आणि कीड कोरडी पडून मरते. तो अंगावर पडला तरच काम करतो, पानावर वाळला की त्याचा उपयोग संपतो. म्हणून पानाची मागची बाजू भिजली पाहिजे. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबावे.

तिसरा उपाय कडुनिंबाचा. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांच्या लक्षात आले की टोळांनी सगळे फस्त केले, फक्त कडुनिंब सोडला. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये त्यातले अझाडिरेक्टिन वेगळे करण्यात आले. भारतीय घरात धान्याच्या कणगीत निंबाचा पाला कधीपासूनच होता, म्हणून निंबाच्या एका बुरशीनाशकाला युरोपात दिलेले पेटंट भारतीयांनी लढवले. ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. अझाडिरेक्टिन किडीला झटक्यात मारत नाही. ते तिची भूक घालवते आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते. त्यामुळे ‘फवारले तरी कीड दिसतेच आहे’ म्हणून दुसऱ्याच दिवशी निराश होण्याचे कारण नाही.

शेतात पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात. घरासाठी त्याचा हिशोब सोपा आहे. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पिळून गाळावे आणि एकूण पाणी एक लिटर करून चिमूटभर साबण घालावा. तयार निंबतेल असेल तर लिटरला पाच मिलिलिटर तेल आणि ते पाण्यात मिसळण्यासाठी एक-दोन मिलिलिटर साबण. उन्हाने अझाडिरेक्टिन लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. उमललेल्या फुलांवर फवारू नये. मधमाशी आपलीच कामगार आहे.

पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीला आणि माव्याला ओढतात, निळे फुलकिड्यांना. कारली, दोडका, काकडी यांचे फळ आतून सडत असेल तर ती फळमाशी. त्यासाठी नर माशीला आकर्षित करणारा गंध ठेवलेला सापळा मिळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ त्याच जातीचा. गुलाबावरच्या भुरीसाठी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी फवारण्याचा उपाय विचित्र वाटेल. पण १९९९ मध्ये ब्राझीलमधील प्रयोगांत काकडीवर्गीय पिकाच्या भुरीवर तो चांगला ठरला होता.

जिवंत मदतनीस

ढालकिड्याला सगळे ओळखतात. त्याच्या पिलाला कुणीच नाही. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी, मगरीसारखी दिसते आणि दिवसाला कित्येक मावा फस्त करते. ‘ही कसली भयंकर कीड’ म्हणून चिरडली जाते ती बहुधा हीच. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी तर पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, मेणाच्या झालरीची असते. द्राक्षबागेत पिठ्या ढेकणाविरुद्ध सोडतात तोच हा मित्र. चटचट चालणारा पांढरा पुंजका दिसला, तर त्याला हात लावू नये. खरा पिठ्या ढेकूण जवळजवळ हलतच नाही.

पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत शिरला आणि पुढे महाराष्ट्रातही पोचला. रसायनांना तो दाद देईना. २०१० मध्ये परदेशातून आणलेली अ‍ॅसेरोफेगस पपयी ही टाचणीच्या डोक्याएवढी गांधीलमाशी सोडण्यात आली आणि काही काळातच तिने त्याला आटोक्यात आणले. फवारणी सतत चालू असेल तर असे मित्र आधी मरतात आणि शत्रू दुप्पट जोमाने परत येतो.

बाजारात पाकिटात मिळणारी ब्युव्हेरिया ही बुरशी वैद्यकाच्या इतिहासातही मानाची आहे. इटलीच्या अगोस्टिनो बस्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले, की रेशीमकिड्यांचा एक रोग या बुरशीमुळे होतो. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा तो पहिला स्पष्ट पुरावा; पाश्चर आणि कॉख त्यानंतर आले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे ‘बीटी’ हा जिवाणू अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विष मोकळे करतो. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते विष चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नसते, म्हणून ते अळीला मारते आणि माणसाला सोडते. ही पाकिटे मुदतीतली असावीत, सावलीत ठेवलेली असावीत आणि हवेत ओलावा असताना संध्याकाळी वापरावीत. बुरशीनाशकासोबत ती वापरली तर पैसे पाण्यात.

‘सेंद्रिय’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडांनी ही रसायने किडींना मारण्यासाठीच तयार केली आहेत, आणि माणसाचे शरीर त्याला अपवाद नाही.

तंबाखूचा काढा हा अनेक घरांत सांगितला जाणारा उपाय. त्यातले निकोटिन कातडीतून शोषले जाते. मळमळ, गरगरणे, हृदयाची गती बिघडणे असा त्याचा क्रम. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर देशात बंदी आहे. तेच घरी उकळून तयार करण्यात शहाणपण नाही. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो तो वेगळाच.

दशपर्णी अर्कात कडुनिंब, निरगुडी, सीताफळ, करंज, पपई यांच्यासोबत कण्हेर, रुई, एरंड आणि कुठे कुठे धोत्राही पडतो. कण्हेरीतील द्रव्ये हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित करतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येते आणि दिसणे धूसर होते. दुखत फारसे नाही, म्हणून लोक उशिरा येतात. शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने तोडणाऱ्यांनीही तो हात डोळ्याला लावू नये. धोत्र्याने तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या बरोबर उलटे चित्र! त्या विषबाधेवर दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन धोत्र्यातही असते. पण म्हणून धोत्रा हा घरगुती उतारा ठरत नाही. मोजलेली मात्रा आणि मूठभर बिया यांत जीवन-मरणाचे अंतर असते. घरच्या चार कुंड्यांसाठी कण्हेर, रुई, धोत्रा घातलेला अर्क लागतच नाही. निंबोळी पुरते.

निंबतेलही पिण्याची वस्तू नाही. खोकला-सर्दीसाठी लहान बाळांना ते पाजल्यावर उलट्या, गुंगी, झटके आणि रक्तातील आम्ल वाढणे असे प्रकार मलेशियात आणि भारतात नोंदले गेले आहेत; काही बाळे दगावली. निंबतेलाची बाटली खाद्यतेलाच्या फळीवर कधीच नको.

मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण हे द्राक्षाचे जुने बुरशीनाशक, सेंद्रिय शेतीतही मर्यादित चालणारे. तरी मोरचूद पोटात गेले तर रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पोर्तुगालच्या द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांत तांबे साठून होणारा विकार १९६९ मध्ये नोंदला गेला. साप-पाली येऊ नयेत म्हणून कुंड्यांत टाकल्या जाणाऱ्या डांबर गोळ्यांनी साप जात नाहीत. मुलाने त्या गोळ्या चघळल्या आणि त्याला जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असेल, तर रक्तपेशी मात्र फुटतात. मिरची-लसणाचे पाणी फवारताना चष्मा हवा आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर ते टाळलेलेच बरे.

शेण, जीवामृत आणि कच्ची कोथिंबीर

जीवामृत, शेणपाणी ही मातीसाठी आहेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर ती शिंपडली, की शेणातील ई-कोलाय, साल्मोनेला थेट ताटात येतात. २०११ मध्ये जर्मनीत मोड आणलेल्या मेथीतून ई-कोलायची साथ पसरली. ५० हून अधिक लोक मरण पावले, अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ते मोड एका सेंद्रिय शेतातून आले होते. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चे शेणखत घातल्यानंतर मातीला लागणारी भाजी १२० दिवस आणि न लागणारी ९० दिवस काढता येत नाही. घरी एवढे दिवस कोण मोजणार? त्यापेक्षा पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खतच वापरावे आणि कोथिंबीर-पुदिना धुऊनच चटणीत घालावा.

कुंडीखालची बशी

बागेतली सर्वांत घातक कीड पानावर नसतेच. ती कुंडीखालच्या बशीत असते. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मनी प्लांटची बाटली, फुटकी बादली, झारीच्या तळाशी उरलेले पाणी, सगळे त्याला चालते. अंडी कोरड्या काठावर महिनोन् महिने टिकतात, म्हणून बशी नुसती रिकामी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी किंवा वाळूने भरावी. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत असेल, तर त्या पाण्यात साबण घालावा. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. गोगलगायीही उघड्या हाताने उचलू नयेत. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसातील एका कृमीची अवस्था असते आणि ती माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकते. हातमोजे घालून त्या गोळा कराव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात.

हातमोजे गुलाबासाठीही हवेत. काट्याच्या जखमेतून स्पोरोथ्रिक्स ही बुरशी शिरते आणि काही आठवड्यांनी हातावर ओळीने गाठी येतात. मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे बीजाणू असतात. शेवटची लस दहा वर्षांपूर्वीची असेल तर पुढची घेऊन टाकावी. शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटाचा स्पर्श झाला, तर न चोळता चिकटपट्टी लावून उपटावी, केस निघून येतात. मग साबणाने धुवावे. अंगणातले गाजर गवत फुलण्याआधी, हात झाकून उपटावे. त्याचे परागकण त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात.

विषबाधा झाली तर

• श्वास घेणे कठीण होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. इतर कोणत्याही उपायात वेळ घालवू नये.

• उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, लिंबू, तेल काहीही पाजू नये. उलटीतून विष फुप्फुसात जाते आणि नुकसान दुप्पट होते.

• अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाणी आणि साबणाने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालावी.

• डोळ्यात गेले असेल तर किमान १५ मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावे.

• बाटली, लेबल किंवा झाडाची फांदी सोबत न्यावी. निदान फोटो काढून न्यावा. कोणते विष, किती, केव्हा ही तीन उत्तरे उपचाराची दिशा ठरवतात.

• सुरुवातीला बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. काही विषांचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो.

• दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ हा असून तो भिंतीवर लिहून ठेवावा.

• घरात बिनलेबलची बाटली असेल, तर ती मोरीत किंवा नाल्यात ओतू नये. झाकण घट्ट लावून, त्यावर ठळक ‘विष’ असे लिहून, मुलांच्या हाती न लागेल अशी वेगळी ठेवावी आणि महापालिकेच्या घंटागाडीत घातक कचरा म्हणून सांगून द्यावी. गावाहून पुन्हा तशी बाटली येणार नाही, एवढे मात्र त्याच दिवशी फोन करून सांगावे.